अरिस्टिड यांच्या बाजूचे सत्य नेहमी उशिरा का छापले गेले?

२९ फेब्रुवारी २००४ रोजी पहाटे हैतीचे राष्ट्राध्यक्ष ज्याँ-बर्ट्राँ अरिस्टिड राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळावर अमेरिकेने पुरवलेल्या विमानात बसले आणि प्रदीर्घ प्रवासानंतर मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी येथे उतरले, एवढ्या गोष्टीबद्दल कोणाचेच दुमत नाही. ते विमानात कसे बसले, याबद्दल मात्र त्या दिवसापासून दोन हकिगती आहेत. अमेरिकी सरकारच्या म्हणण्याप्रमाणे, बंडखोर राजधानीच्या वेशीपर्यंत येऊन ठेपल्यावर अरिस्टिड यांनी आपण होऊन राजीनामा दिला आणि अमेरिकेने त्यांना सुखरूप बाहेर काढले. अरिस्टिड यांनी दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील आपल्या स्नेह्यांना दूरध्वनीवरून सांगितले, की आपल्याला बळजबरीने नेण्यात आले असून हा सरळसरळ सत्तापालट आहे. यांपैकी पहिली हकिगत बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी घडलेली घटना म्हणून छापली आणि दुसरी एका पदच्युत माणसाचा आरोप म्हणून. त्या आरोपालाही लागूनच परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी तो निराधार ठरवल्याचे वाक्य असे.

वृत्तपत्रांपाशी त्या पहाटेचा कोणी स्वतंत्र साक्षीदार नव्हता. दोन्ही हकिगती सांगणारे पक्ष स्वार्थी होते, आणि अशा वेळी दोन्हींकडे सारख्याच संशयाने पाहणे हे बातमीदारीचे पहिले काम ठरते. ते झाले नाही. अरिस्टिड यांच्या पस्तीस वर्षांच्या सार्वजनिक आयुष्याचे वार्तांकन पुन्हा पाहिले तर ही त्या एका दिवसाची चूक वाटत नाही. त्यांच्याविरुद्धची गोष्ट अधिकाऱ्यांच्या तोंडी शब्दावर लगेच छापली जाई आणि त्यांच्या बाजूची गोष्ट कागदपत्रांसह, साक्षीपुराव्यांसह, पण सत्ता हस्तांतरित होऊन गेल्यावर छापली जाई. खोटे छापले गेले एवढीच तक्रार असती तर ती जुनीच आहे. माझा आक्षेप पुराव्याच्या या दोन मापांवर आणि त्यातून ठरणाऱ्या वेळेवर आहे.

वेस्ट इंडीज म्हटले की मराठी वाचकाला क्रिकेट आठवते, आणि हैती क्रिकेट खेळत नाही, त्यामुळे थोडी ओळख करून देणे भाग आहे. १८०४ मध्ये गुलामांनी स्वतः लढून फ्रान्सपासून स्वतंत्र केलेला हा देश. १९५७ पासून १९८६ पर्यंत तिथे दुवालिए पितापुत्रांची हुकूमशाही होती. त्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत आणि नंतरच्या लष्करी अमलात राजधानीच्या गरीब वस्तीतल्या सेंट ज्याँ बॉस्को चर्चमध्ये प्रवचने देणारा सलेशियन या कॅथलिक संघातला एक कृश धर्मगुरू, म्हणजे अरिस्टिड, लोकांच्या कानी पडू लागला. देशात लिहितावाचता येणारे थोडे आणि फ्रेंच समजणारे त्याहून थोडे, म्हणून ही प्रवचने क्रेओल या लोकभाषेत होत आणि रेडिओवरून गावोगाव पोहोचत. सप्टेंबर १९८८ मध्ये प्रार्थना चालू असताना सशस्त्र टोळीने त्या चर्चवर हल्ला केला, डझनभर माणसे मारली आणि इमारत जाळली, अरिस्टिड वाचले. त्याच वर्षाअखेरीस सलेशियन संघाने त्यांना राजकारणाच्या कारणावरून काढून टाकले. डिसेंबर १९९० मध्ये हैतीच्या पहिल्या मोकळ्या निवडणुकीत त्यांना सुमारे ६७ टक्के मते पडली. जागतिक बँकेत काम केलेले आणि वॉशिंग्टनला पसंत असलेले मार्क बाझँ १४ टक्क्यांच्या आसपास राहिले. अरिस्टिड यांच्या चळवळीचे नाव लवालास, म्हणजे लोंढा.

फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांनी शपथ घेतली आणि ३० सप्टेंबरला जनरल राउल सेद्रास यांनी त्यांना उलथवले. या सात-आठ महिन्यांतल्या कारभाराबद्दल परदेशी वृत्तपत्रांतून पुढे वर्षानुवर्षे एकच गोष्ट उद्धृत होत राहिली, ती म्हणजे सत्तापालटाच्या तीन दिवस आधीचे त्यांचे भाषण. त्यात त्यांनी जमावापुढे एका ‘सुंदर हत्यारा’ची स्तुती केली. टीकाकारांच्या मते तो इशारा गळ्यात पेटते टायर घालून माणसाला जाळण्याच्या प्रकाराकडे होता. समर्थक म्हणतात, ते राज्यघटनेबद्दल बोलत होते. मला समर्थकांचा खुलासा पुरेसा वाटत नाही. लष्कर उठावाच्या तयारीत असताना, संतापलेल्या गर्दीसमोर असे दुहेरी बोलणे राष्ट्राध्यक्षाला शोभत नाही, आणि वार्ताहरांनी ते भाषण छापले यात काहीही गैर नव्हते. गैर होते ते प्रमाण. उठावानंतरच्या तीन वर्षांत लष्कर आणि त्याच्या निमलष्करी साथीदारांनी काही हजार माणसे मारली, आणि त्या काळातल्या अनेक वृत्तांतांमध्ये या हजारोंच्या शेजारी ते एक भाषण असे ठेवले जाई, जणू दोन्ही पारडी बरोबरीची आहेत.

ऑक्टोबर १९९३ मधला प्रसंग या सगळ्याचा कळस आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. अरिस्टिड तेव्हा अमेरिकेत निर्वासित होते आणि त्यांना परत पाठवण्याचा करार झाला होता. ११ ऑक्टोबरला ‘हार्लन काउंटी’ हे अमेरिकी जहाज पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बंदरात येऊन, धक्क्यावर ‘फ्राप’ नावाच्या निमलष्करी संघटनेने जमवलेल्या टोळक्याच्या आरडाओरड्यामुळे, परत फिरले. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकी सिनेटरांना गुप्तचर संस्था सीआयएने अरिस्टिड यांच्या मानसिक स्थितीबद्दल बंद दाराआड माहिती दिली, आणि ती दारे अर्थातच फार वेळ बंद राहिली नाहीत. त्यांच्यावर कधीकाळी माँट्रियलच्या रुग्णालयात मनोरुग्ण म्हणून उपचार झाले होते, ते औषधांवर जगतात, असे मजकूर देशभर पसरले. सिनेटर जेसी हेल्म्स यांनी सभागृहातच त्यांना मनोविकृत म्हटले. बातमी देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्रोत निनावी असल्याचे सांगितले, पण त्या रुग्णालयाला विचारण्याचे कष्ट आधी घेतले नाहीत. पुढे ‘मायामी हेरल्ड’ने ते कष्ट घेतले, तेव्हा असा कोणी रुग्ण त्या रुग्णालयाच्या नोंदीत नसल्याचे निष्पन्न झाले.

आता दुसरी बाजू पाहा. जहाज परतवणाऱ्या त्या ‘फ्राप’चा म्होरक्या एमानुएल काँस्ताँ हा सीआयएच्या पगारावर होता, ही गोष्ट ॲलन नेअर्न या पत्रकाराने ‘द नेशन’ साप्ताहिकात उघड केली ती ऑक्टोबर १९९४ मध्ये, म्हणजे अमेरिकी फौजा हैतीत उतरून झाल्यावर. राष्ट्राध्यक्षाला वेडा ठरवणारी संस्था त्याच्या समर्थकांच्या मारेकऱ्यांना पैसे देत होती, हे ज्या आठवड्यात वाचकाला कळायला हवे होते तो आठवडा वर्षभर आधीच निघून गेला होता. १९९३ च्या शरद ऋतूत अमेरिकी जनमत हैतीबाबत ठरत होते, आणि ते ठरवण्यासाठी लोकांपुढे अर्धीच माहिती होती.

१५ ऑक्टोबर १९९४ रोजी वीस हजार अमेरिकी सैनिकांच्या संरक्षणात अरिस्टिड परतले. त्यांनी सत्तापालटांची सवय लागलेले लष्करच बरखास्त केले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये मुदत संपताच रेने प्रेवाल यांच्याकडे सत्ता सोपवली. हैतीच्या इतिहासात एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याकडे शांतपणे कारभार देणे ही अपूर्व गोष्ट होती, आणि म्हणूनच की काय, तिला बातमी म्हणून फारशी किंमत नव्हती.

मे २००० च्या संसदीय निवडणुकीत लवालास पक्षाने मोठा विजय मिळवला. मतदान एकंदरीत सुरळीत झाल्याचे अमेरिका खंडांतील देशांच्या संघटनेच्या (ओएएस) निरीक्षकांनी म्हटले होते. त्यांचा आक्षेप सिनेटच्या काही जागांवर मतांची टक्केवारी कशी काढली यावर होता. आक्षेप रास्त होता. निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांना देश सोडावा लागला हीदेखील लहान गोष्ट नव्हे. परंतु वृत्तसंस्थांच्या मजकुरात हा मर्यादित वाद लवकरच ‘गैरप्रकारांच्या निवडणुका’ अशा दोन शब्दांत आकसला आणि ते दोन शब्द त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीलाही चिकटवले गेले. विरोधकांनी त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता आणि अरिस्टिड ९० टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आले. २००१ मध्ये वादग्रस्त जागांवरच्या सात सिनेटरांनी राजीनामे दिले. हे किती वृत्तांतांत आले? ज्या वाचकाने फक्त मोठी दैनिके वाचली त्याला तो वाद पुढची तीन वर्षे जसाच्या तसा असल्याचे वाटले असणार.

या वादाच्या नावाखाली पैसा रोखला गेला, आणि माझ्या मते अरिस्टिड यांच्या दुसऱ्या कारकिर्दीची खरी बातमी ती होती. पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण आणि रस्ते यांसाठी आंतर-अमेरिकी विकास बँकेने मंजूर केलेली सुमारे १४ कोटी ६० लाख डॉलरची कर्जे अमेरिकेच्या दबावामुळे अडकून पडली. ज्या देशाच्या सरकारचा सगळा अर्थसंकल्पच तुटपुंजा होता, त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे नळाला पाणी येणे की न येणे एवढा फरक होता. तरीही अरिस्टिड यांनी आश्वासने पाळली नाहीत, रस्ते झाले नाहीत, दवाखान्यांत औषधे नाहीत, अशी वार्तापत्रे येत राहिली आणि त्यांत अडवलेल्या कर्जांचा उल्लेख आला तर तळाशी, एका उपवाक्यात. अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांनी ४ मार्च २००४ च्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये लिहिले, की बुश सरकार पहिल्या दिवसापासून अरिस्टिड यांना हटवण्याच्या मागे होते आणि निधी रोखणे हा त्याचा भाग होता. म्हणजे माहिती उपलब्ध होती. पण ती मतांच्या पानावर होती, बातम्यांच्या पानावर नव्हती, आणि अरिस्टिड जाऊन चार दिवस झाले होते.

इथे अरिस्टिड यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांच्याही एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. ते हैतीतल्या पत्रकारांवरचे हल्ले टाळून पुढे जातात. ३ एप्रिल २००० रोजी रेडिओ हैती-इंटरच्या आवारात ज्याँ दोमिनिक यांची हत्या झाली. क्रेओलमध्ये बातम्या देऊन ज्या माणसाने दुवालिए राजवटीपुढे मान तुकवली नाही, तो लोकशाहीत मारला गेला. सत्तेवर तेव्हा प्रेवाल होते, पण संशयाची सुई लवालासमधल्या बड्या लोकांकडे वळली. अरिस्टिड यांच्या काळात तपास करणाऱ्या न्यायाधीशाला संरक्षण मिळाले नाही आणि पुढे २०१४ मध्ये न्यायालयीन अहवालात ज्या नऊ जणांवर ठपका ठेवला गेला त्यांत लवालासच्या एका माजी सिनेटरचे नाव होते. डिसेंबर २००१ मध्ये पेती-ग्वाव्ह येथे ब्रिन्योल लिंदोर या तरुण पत्रकाराला अरिस्टिड समर्थक टोळीने ठार केले. डिसेंबर २००२ मध्ये दोमिनिक यांच्या पत्नी मिशेल मोंतास यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा अंगरक्षक मारला गेला आणि फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांनी केंद्रच बंद केले. हे सर्व अरिस्टिड यांच्या पदरात पडते. ज्या नेत्याचा आवाज रेडिओनेच घडवला त्याच्या राज्यात देशातले सर्वांत निर्भीड रेडिओ केंद्र बंद पडावे, याचे समर्थन कोणत्याही बाह्य कटाने होत नाही.

मात्र राजधानीतल्या उरलेल्या खासगी रेडिओ केंद्रांचे चित्र याहून वेगळे होते. त्यांपैकी बऱ्याच केंद्रांचे मालक ज्या संघटनेत होते ती संघटना ‘१८४ चा गट’ या उद्योगपतींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या विरोधी आघाडीत सामील झाली होती. वृत्तसंस्था राजीनाम्याच्या मागणीला माध्यमांचाही पाठिंबा असल्याचे लिहीत तेव्हा ही माध्यमे स्वतःच आघाडीचा भाग आहेत, हे परदेशी वाचकाला सांगितले जात नसे. परदेशी वार्ताहर बहुतेक वेळा काही दिवसांसाठी येत, पेत्यॉनविलच्या टेकडीवर हॉटेलात उतरत आणि फ्रेंच किंवा इंग्रजी बोलणाऱ्यांशी बोलत. क्रेओलच बोलणाऱ्या, सिते सोलेयसारख्या वस्तीत राहणाऱ्या माणसांची मते त्यांच्यापर्यंत दुभाष्यामार्फत पोहोचत, किंवा पोहोचतच नसत. त्या वस्त्यांमधल्या अरिस्टिड समर्थकांना सरसकट टोळक्यांचे नाव पडले. उत्तरेकडून शस्त्रे घेऊन आलेल्या गी फिलिप आणि लुई-जोदेल शांब्लँ यांच्या माणसांना ‘बंडखोर’ हे बरेचसे रुबाबदार नाव मिळाले. शांब्लँ हे ‘फ्राप’च्या संस्थापकांपैकी होते आणि हत्येच्या खटल्यात त्यांच्या गैरहजेरीत त्यांना शिक्षा झालेली होती.

फेब्रुवारी २००४ मध्ये कॅरिबियन देशांच्या कॅरिकॉम या संघटनेने तोडग्याची योजना मांडली. तीत अरिस्टिड यांनी मुदत पूर्ण करायची, पण विरोधकांना सरकारात वाटा द्यायचा होता. अरिस्टिड यांनी ती स्वीकारली, विरोधकांनी नाकारली. असे असूनही २८ फेब्रुवारीला व्हाइट हाउसने हे संकट बहुतांशी अरिस्टिड यांनीच ओढवून घेतल्याचे निवेदन काढले आणि वार्तांकनाचा रोखही तोच राहिला. तडजोडीला नकार देणारा पक्ष कोणता, हे सांगणे अवघड नव्हते. विरोधकांना तडजोड करू नका असा सल्ला कोण देत होते, हे जानेवारी २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सविस्तर छापले: रिपब्लिकन पक्षाशी संबंधित आणि अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी राजदूतांच्या धोरणाच्या विरुद्ध काम करत होता, असे हैतीतले अमेरिकेचे माजी राजदूत ब्रायन डीन करन यांनीच सांगितले. वार्ताहरांनी ही उत्तम शोधपत्रकारिता केली, यात शंका नाही. फक्त तोपर्यंत अरिस्टिड दक्षिण आफ्रिकेत जाऊन दीड वर्ष उलटले होते आणि त्यांचे पंतप्रधान इव्हाँ नेप्तून तुरुंगात होते.

आणि मग भरपाईचे प्रकरण. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने युद्धनौका पाठवून हैतीकडून १५ कोटी फ्रँकची मागणी केली. गुलामांचे मालक राहिलेल्यांचे नुकसान भरून देण्यासाठी, म्हणजे मुक्त झालेल्यांनी आपल्याच सुटकेची किंमत मोजावी म्हणून. १८३८ मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला फ्रेंच बँकांकडून काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकातही उतरले नव्हते. ७ एप्रिल २००३ रोजी, हैतीच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते तूसाँ लुव्हेर्त्यूर यांच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, अरिस्टिड यांनी फ्रान्सकडे हा पैसा परत मागितला आणि आकडा दिला: २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट. फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्याची थट्टा केली. वृत्तपत्रांनीही ही मागणी बुडत्या राजवटीची नाट्यमय युक्ती म्हणूनच हाताळली. युक्ती असेलही, राजकारणी माणूस मुहूर्त पाहूनच मागणी करतो. पण मागणीमागचा हिशेब बरोबर आहे का, १८२५ मध्ये नेमके काय झाले, किती पैसे गेले, हे तपासण्यासाठी कोणत्याही मोठ्या वृत्तपत्राने तेव्हा जुन्या दप्तरांत वार्ताहर बसवला नाही.

तो बसवला गेला एकोणीस वर्षांनी. मे २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या खंडणीवर मोठी लेखमाला छापली. हैतीने प्रत्यक्ष दिलेला पैसा आजच्या मूल्याने सुमारे ५६ कोटी डॉलर होतो आणि तो देशातच राहिला असता तर कालांतराने झालेली वाढ २१ ते ११५ अब्ज डॉलरच्या दरम्यान असती, असा त्यांचा अंदाज होता. ज्या आकड्यातल्या ४८ सेंटवर लोक हसले तो या अंदाजाच्या खालच्या टोकाशी जवळजवळ जुळतो. त्याच लेखमालेत २००४ मध्ये हैतीत फ्रान्सचे राजदूत असलेले तिएरी ब्युर्कार यांनी कबूल केले, की फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून अरिस्टिड यांच्याविरुद्ध प्रत्यक्षात सत्तापालटच घडवून आणला आणि भरपाईची मागणी हे त्याच्या कारणांपैकी एक, थोडेसे का होईना, कारण होते. पॉवेल यांनी निराधार ठरवलेला आरोप असा परतून आला, तोही गुन्ह्यातल्या दुसऱ्या भागीदाराच्या तोंडून. अरिस्टिड यांच्यानंतर आलेले हंगामी पंतप्रधान जेरार लातोर्त्यू यांनी ती मागणी २००४ मध्येच मागे घेतलेली होती.

यावर संपादकांचे एक उत्तर तयार असते: सत्य उशिरा का होईना आम्हीच छापले. ते खरे आहे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण बातमी आणि इतिहास यांच्यात फरक असतो. इतिहासकाराला उशीर चालतो. वृत्तपत्र ज्या दिवसासाठी छापले जाते त्या दिवशीच नागरिक आपले मत बनवतो, खासदार हात वर करतो आणि सरकार फौज पाठवते किंवा थांबवते. आपल्याकडे म्हणतात तसे बैल गेल्यावर झोपा केला, तर झोपा कितीही मजबूत असो, बैल परत येत नाही. दुसरे उत्तर असे, की धावपळीत, गोळीबारात, मर्यादित माहितीवर काम करावे लागते. तेही खरे आहे. स्पॅनिश वाहिनी आंतेना ३ चे वार्ताहर रिकार्दो ओर्तेगा ७ मार्च २००४ रोजी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये निदर्शनांचे चित्रीकरण करताना गोळी लागून गेले, आणि ज्या माणसांनी असा जीव धोक्यात घातला त्यांच्याबद्दल घरी बसून लिहिताना जपूनच लिहावे. परंतु याच मृत्यूचे वार्तांकनही बघण्यासारखे आहे: दोष ताबडतोब अरिस्टिड समर्थकांवर टाकला गेला, आणि गोळी तिथे तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांकडून आली असावी, ही शक्यता पुढे त्याच वाहिनीच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा समोर आली. घाईत झालेली चूक कधी या बाजूला, कधी त्या बाजूला झुकायला हवी. ती दर वेळी एकाच बाजूला झुकते तेव्हा घाई हे कारण पुरत नाही.

मराठी वृत्तपत्रांचा या सगळ्याशी संबंध एवढाच, की आपण हैतीची बातमी वाचतो ती रॉयटर्स, एपी आणि एएफपी यांच्या तारांमधून, आणि तीही भूकंप झाला, दंगल झाली किंवा सरकार पडले तरच. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या मोहिमेने २००४ पासून २०१७ पर्यंत हैतीत ठाण मांडले तिच्यात भारतीय पोलीस तुकड्याही होत्या. तरी ही मोहीम कोणत्या घटनेनंतर आणि कोणत्या परिस्थितीत आली, हे आपल्या वाचकाला सहसा सांगितले गेले नाही. प्रत्येक मराठी दैनिकाने पोर्ट-ओ-प्रिन्सला वार्ताहर ठेवावा अशी अपेक्षा वेडेपणाची आहे. पण वृत्तसंस्थेच्या मजकुरात ‘अमेरिकी अधिकाऱ्यांनी सांगितले’ हे शब्द असतील तर ते भाषांतरात गळू न देणे, आणि कॅरिकॉम किंवा आफ्रिकी संघ यांनी त्याच घटनेबद्दल काय म्हटले हे शेजारी छापणे, एवढे मुंबई-पुण्यात बसूनही जमते. २००४ मध्ये या दोन्ही संघटनांनी अरिस्टिड यांच्या गच्छंतीवर उघड आक्षेप घेतला होता, कॅरिकॉमने चौकशीही मागितली होती. वसाहतवाद भोगलेल्या देशाच्या वाचकाला ते मत ऐकण्याचा इतरांहून काकणभर जास्त अधिकार आहे.

अरिस्टिड १८ मार्च २०११ रोजी मायदेशी परतले. त्याआधी दोन महिने माजी हुकूमशहा ज्याँ-क्लोद दुवालिए अचानक येऊन राहिले होते. दुवालिए यांच्या येण्याबद्दल आश्चर्य व्यक्त झाले. अरिस्टिड यांचे येणे लांबणीवर टाकावे म्हणून अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दूरध्वनी केला. दोन दिवसांवर मतदान होते आणि अरिस्टिड यांचा पक्ष त्या निवडणुकीतून वगळलेला होता. तरी ते परतल्यास निवडणुकीत अस्थैर्य येईल, हाच वृत्तांतांचा सूर होता. ज्याचा पक्षच मतपत्रिकेवर नाही त्याच्यामुळे निवडणूक कशी बिघडते, हा प्रश्न विचारणारे थोडे होते.

१७ एप्रिल २०२५ रोजी, त्या खंडणीच्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमान्युएल माक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमण्याची घोषणा केली. पैसे परत करण्याचे आश्वासन त्यांनी दिले नाही. या आयोगाच्या कामाची बातमी देणाऱ्याने, ही मागणी आकड्यासह मांडणारा राष्ट्राध्यक्ष वर्षभराच्या आत पदावरून गेला आणि त्याच्या जागी आलेल्या सरकारने ती सोडून दिली, हे दोन तपशील बातमीत घालायला हवेत, कारण त्यांच्याशिवाय आयोगाची गरज का पडली हेच कळत नाही. आणि १८२५ ची दप्तरे इतिहासकारांसाठी उघडी होत असतील तर २००३ आणि २००४ ची फ्रेंच परराष्ट्र खात्याची कागदपत्रे केव्हा उघडणार, हा प्रश्न पॅरिसमधल्या वार्ताहरांनी अहवाल येण्याची वाट न पाहता आताच विचारला पाहिजे. त्या काळातले बरेच मंत्री, राजदूत आणि स्वतः अरिस्टिड उत्तर द्यायला अजून हयात आहेत.